वाट, अन्न, पाणी आणि आसरा

घरात मुक्काम ठोकणाऱ्या प्रत्येक उपद्रवी जीवाला चार गोष्टी लागतात: आत यायला वाट, खायला अन्न, शरीराला पाणी आणि दडायला आसरा. झुरळ, मुंगी, उंदीर, वाळवी, ढेकूण, डास आणि धान्यातले किडे यांच्या सवयी व आयुष्यक्रम अगदी वेगळे आहेत, पण या चार गरजांतून कोणीही सुटलेला नाही. शिवाय प्रत्येकाची एक गरज अशी असते की ती अडवली की बाकीच्या तिन्ही असूनही त्याचे चालत नाही. साचलेले पाणी मिळाले नाही तर डासांची पुढची पिढी जन्मत नाही. मातीशी आणि ओलाव्याशी संबंध तुटलेली वाळवी सुकून मरते. बीळ आणि भोक बंद झाले की उंदराला घराबाहेरच राहावे लागते.

औषध फवारल्याने त्या दिवशी समोर आलेले किडे मरतात. वाट, अन्न, पाणी आणि आसरा तसाच राहिला तर काही आठवड्यांत त्यांची जागा नवे किडे घेतात. म्हणून कीडनियंत्रणात फवारणीचा क्रम शेवटचा आहे. आधी ओळख, मग प्रतिबंध आणि गरज उरलीच तर औषध. शेतकऱ्यांना एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणून परिचित असलेले हे तत्त्व घरालाही तितकेच लागू पडते.

जुन्या घरातली शहाणीव

पूर्वीच्या मराठी घरांची रचना आणि दिनक्रम यांत हा विचार ठायी ठायी दिसतो. उंच उंबरठा सरपटणाऱ्या जीवांना अडवत असे. दूध, दही, लोणी शिंक्यात टांगले जाई, कारण दोरीच्या आधाराने लोंबणाऱ्या भांड्यापर्यंत मुंगीला आणि मांजरालाही सहज पोचता येत नाही. दुधाचे पातेले पाणी घातलेल्या परातीत ठेवणे, फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे हे उपाय मुंग्यांची वाटच पाण्याने तोडत. अंथरुणे उन्हात टाकली जात. ढेकणांनी भरलेल्या बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतले जाई. शेणाने सारवलेली जमीन आणि चुना दिलेली भिंत यांमुळे भेगा वेळोवेळी बुजत. दिवाळीआधीच्या आवराआवरीत माळा, फळ्या, ट्रंका आणि कोनाडे रिकामे होत आणि पावसाळ्यात साठलेला किडींचा आसरा एका झटक्यात मोडत असे.

आजच्या सदनिकेत उंबरठा बसका झाला, शिंके गेले आणि फडताळाच्या जागी भिंतीला चिकटलेल्या ट्रॉल्या आल्या. अन्न, पाणी आणि आसरा एकाच ओट्याखाली एकत्र आले. एका इमारतीतल्या सगळ्या घरांना जोडणारे पाइप आणि डक्ट हे किडींचे रस्ते ठरले. त्यामुळे प्रतिबंधाची सुरुवात या नव्या वाटा शोधण्यापासून करावी लागते.

घरात येण्याच्या वाटा

सांडपाण्याची वाट सर्वांत महत्त्वाची. न्हाणीघर आणि मोरीच्या जमिनीत नहाणी ट्रॅप बसवलेला असतो. त्याच्या वळणात पाणी साठून राहते आणि हा पाण्याचा पडदा गटारातली हवा व झुरळे अडवतो. घर काही आठवडे बंद राहिले किंवा पाहुण्यांचे न्हाणीघर वापरात नसले तर हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. गावाहून परतल्यावर न्हाणीघरात मोठी झुरळे दिसतात त्याचे हे नेहमीचे कारण. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतले की पडदा टिकतो. लांबच्या प्रवासाला जाताना पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडले तर बाष्पीभवन मंदावते. जाळीचे झाकण घट्ट बसलेले असावे.

दुसरी वाट म्हणजे पाइप भिंतीतून आरपार जातो तिथली फट. बेसिनखाली, गॅसच्या नळीभोवती, वातानुकूलन यंत्राच्या पाइपाभोवती आणि विजेच्या पेट्यांमागे अशा फटी हमखास असतात. लहान भेगांसाठी सिलिकॉन किंवा पांढरे सिमेंट पुरते. मोठ्या भोकांत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावावे, कारण नुसते सिमेंट ओले असताना उंदीर ते उकरून काढतो. घरचा लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या छिद्रातून आत येऊ शकतो. ज्या भोकात पेन्सिल जाते तिथून तोही जाऊ शकतो, हे साधे माप लक्षात ठेवावे. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद होते. उंदरांचा त्रास असेल तिथे दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी ठोकावी लागते.

तिसरी वाट माणूसच उघडतो. किराणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून झुरळांची अंडी येतात, जुन्या फर्निचरमधून ढेकूण आणि वाळवी येते, प्रवासाच्या बॅगेतून ढेकूण येतात आणि गव्हाच्या पोत्यातून सोंडकिडे येतात. खोकी घराबाहेरच रिकामी करणे आणि जुने सामान आत घेण्यापूर्वी उन्हात उलटसुलट तपासणे, एवढ्या सवयीने पुष्कळ त्रास वाचतो.

झुरळे: दोन जाती, दोन उपाय

घरात मुख्यतः दोन प्रकारची झुरळे दिसतात. गटारातून येणारे मोठे, तांबूस, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचे झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. ते मोऱ्या, चेंबर आणि तळघरांत राहते आणि रात्री घरात फेरी मारते. त्याचा बंदोबस्त मुख्यतः सांडपाण्याच्या वाटा बंद करण्यानेच होतो.

स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे छोटे, पिवळसर तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. त्याची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मानेमागच्या ढालीवर दोन काळ्या रेघा असतात. नाव जर्मन असले तरी त्याचे मूळ आशियात आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि माणसाच्या वस्तीला चिकटून जगभर पसरले. माणसाच्या इमारतींबाहेर ते जवळजवळ आढळतच नाही.

त्याचा वाढीचा वेग ही खरी अडचण आहे. मादी एका कोशात ३० ते ४० अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडायची वेळ येईपर्यंत तो कोश शरीरालाच चिकटवून वागवते. उबदार स्वयंपाकघरात अंड्यापासून प्रौढ होण्यास दोन ते तीन महिने पुरतात. अन्न नसेल तर हे झुरळ पाण्यावर काही आठवडे काढू शकते. पाणी मात्र मिळाले नाही तर दोन आठवड्यांच्या आतबाहेर मरते. म्हणून त्याची दुखरी नस पाणी आहे. गळता नळ, बेसिनखाली थेंब थेंब पडणारा सांधा, ओले फडके, भांड्यांच्या टोपलीखालचा ओला ट्रे आणि फ्रिजमागचे साठलेले पाणी ही त्याची पाणवठ्याची ठिकाणे. रात्री ओटा आणि बेसिन कोरडे पुसून ठेवणे हा झुरळांवरचा अतिशय परिणामकारक उपाय आहे.

आसऱ्याचे त्याचे नियमही ठरलेले आहेत. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी टेकतील अशी अरुंद फट त्याला आवडते. ट्रॉलीचे रूळ, कपाटाच्या बिजागऱ्या, मिक्सरचा तळ, मायक्रोवेव्हची मागची बाजू आणि कडप्प्याच्या जोडांतल्या भेगा त्याला पुरतात. फवाऱ्याचे औषध या ठिकाणांपर्यंत नीट पोचत नाही, अंड्यांचा कोश त्याला दाद देत नाही आणि वासाने बुजलेली झुरळे दुसऱ्या खोल्यांत पांगतात. त्यापेक्षा जेलच्या स्वरूपातले आमिष उपयोगी पडते. जेलचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके बिजागऱ्यांजवळ आणि भेगांच्या तोंडाशी लावतात. ते खाल्लेले झुरळ लगेच मरत नाही. ते लपण्याच्या जागी परतते आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाणाऱ्या पिल्लांपर्यंतही विष पोचते. जेल लावलेल्या जागी फवारणी करू नये, नाहीतर झुरळे आमिषाजवळ येत नाहीत.

आमिषालाही झुरळे चकवतात. ग्लुकोज घातलेले आमिष वर्षानुवर्षे वापरल्यावर काही ठिकाणच्या जर्मन झुरळांत गोडाचाच तिटकारा निर्माण झाल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. ग्लुकोज आवडणारी मेली आणि न आवडणारी जगून वाढली. त्यामुळे एकाच प्रकारचे औषध सतत न वापरता आलटून पालटून वापरावे लागते.

झुरळे किळसवाणी वाटतात म्हणून केवळ नव्हे, तर आरोग्यासाठीही त्यांना आवरणे गरजेचे आहे. त्यांची विष्ठा, कात आणि शरीराचे तुकडे धुळीत मिसळतात आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांमध्ये तो वाढवतात.

मुंग्यांची रांग

घरात दिसणारी रांग हा मुंग्यांच्या वारुळातल्या कामकऱ्यांचा एक छोटा भाग असतो. राणी आणि अंडी भिंतीत, कुंडीत किंवा फरशीखाली सुरक्षित असतात. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची रेघ ओढत जाते आणि बाकीच्या त्या रेघेवर चालतात. रांग नुसती झाडून टाकल्यास रेघ शिल्लक राहते आणि तासाभरात मुंग्या परत येतात. साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ती जागा पुसली की गंध जातो. रांगेचा मागोवा घेत त्यांचे भिंतीतले दार शोधावे आणि ते बुजवावे.

बारीक, पिवळसर तांबड्या मुंग्यांच्या काही जातींत एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. त्यांच्यावर फवारणी केली की वसाहत फुटून तिच्या अनेक वसाहती होतात आणि त्रास कमी होण्याऐवजी पसरतो. अशा वेळी साखरेच्या पाण्यात सुमारे १ टक्का बोरिक पावडर मिसळलेले आमिष अधिक उपयोगी ठरते. प्रमाण वाढवले तर मुंग्या ते वारुळात नेण्याआधीच मरतात आणि राणी वाचते. बोरिक पावडर लहान मुलांना विषारी आहे, त्यामुळे आमिष त्यांच्या हाताबाहेर ठेवले पाहिजे.

धान्यातले किडे

डब्यातल्या तांदळात सोंडकिडे झाले की ते बाहेरून आत शिरले असे वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा धान्याबरोबरच आलेले असतात. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि वरून चिकट द्रवाने तोंड बंद करते. अळी आतल्या आत दाणा पोखरते आणि महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. चाळून, पाखडून किडे काढले तरी दाण्यात दडलेली पिढी शिल्लक राहते ती यामुळे. कडधान्यातल्या भुंग्याची सुरुवात तर अनेकदा शेतातच होते. तो उभ्या पिकाच्या शेंगांवर अंडी घालतो. अख्ख्या मुगाला, चवळीला, हरभऱ्याला तो जास्त लागतो. डाळीला त्यामानाने कमी. रव्याला आणि पिठाला मात्र बाहेरून आलेले पोरकिडे आणि जाळे करणाऱ्या पतंगांच्या अळ्या लागतात.

या सगळ्यांची दुखरी नस ओलावा आहे. साठवणुकीच्या गव्हात आणि ज्वारीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा कमी असावा, कडधान्यात त्याहूनही कमी. दाताखाली दाणा कट्‌ आवाज करून फुटला तर तो वाळला, ही बायकांची जुनी परीक्षा म्हणजे या ओलाव्याचेच माप आहे. मार्च ते मे या काळात वर्षाचे धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरण्याची पद्धत याच कारणासाठी पडली. गरम धान्य भरले तर आत वाफ धरते आणि किडीला हवा तोच ओलावा मिळतो.

कडधान्याला आणि गव्हाला एरंडेल चोळण्याची रीत शास्त्रीय कसोटीवर उतरते. तेलाचा पातळ थर अंड्यांची हवा कोंडतो आणि गुळगुळीत दाण्यावर मादीला अंडी नीट चिकटवता येत नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि राख यांचाही उपयोग होतो. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात आणि त्याचे शरीर सुकते. कोठीत बिब्बे ठेवण्याचीही रीत आहे, पण बिब्ब्याचे तेल कातडीला भाजते, त्यामुळे ते उघडे धान्यात न टाकता कापडात बांधून ठेवणे बरे. शहरातल्या छोट्या कुटुंबाला सर्वांत सोपा उपाय म्हणजे थोडे थोडे धान्य घेणे, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि रवा, मैदा, कडधान्ये हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवणे. उणे १८ अंशांच्या थंडीत अंडीही मरतात. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. डबा रिकामा करून, धुऊन, वाळवूनच भरावा.

धान्यात ठेवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. त्यावर उतारा नाही.

उंदीर, घूस आणि चिचुंद्री

बिळात राहून पाया पोखरणारी घूस, गटारांतला मोठा उंदीर आणि घरातला लहान उंदीर हे तिघे कुरतडणाऱ्या वर्गातले. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे लाकूड, प्लास्टिक आणि विजेच्या तारा कुरतडणे त्यांना भागच असते. त्यातून शॉर्टसर्किटचा धोका संभवतो. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती या वर्गातली नाही. लांब नाकाची, उग्र वासाची आणि चिक्‌चिक्‌ आवाज करत भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंद्री किडे आणि झुरळे खाते. ओळख पटवून मगच उपाय करावा असे म्हणतात ते यासाठी.

उंदरांचा प्रश्न अन्नाच्या नासाडीपुरता नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा गोदामांच्या मांडवी भागात तिचे निदान गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून उंदराच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पसरवतात हे दाखवले. आज पावसाळ्यात सतावणारा लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून पसरणारा रोग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचे रुग्ण वाढले होते.

उंदराला अडवण्याचा पाया म्हणजे भोके बुजवणे आणि ओला कचरा रात्री उघडा न ठेवणे. लेंड्या, भिंतीच्या कडेचे तेलकट काळे डाग आणि ताजी कुरतड यावरून त्यांचा रस्ता कळतो. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून सापळा खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीला काटकोनात ठेवावा. मोठा उंदीर नवीन वस्तूला बुजतो. त्यामुळे पहिले काही दिवस सापळा न लावता त्यावर नुसता भजीचा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवावा आणि तो निर्धास्त झाला की सापळा लावावा. पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी औषधे घरात आणू नयेत; ती चुकून पोटात गेल्यास यकृत निकामी होते आणि त्यांवर नेमका उतारा नाही.

वाळवी

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे झुंबडतात आणि सकाळी पंखांचा खच पडलेला दिसतो. नवी वसाहत वसवायला निघालेली ही वाळवीच असते. असे पंख घराच्या आत, खिडकी किंवा दाराच्या चौकटीखाली सापडले तर तपासणी लगेच करावी.

मातीतल्या वाळवीचे शरीर मऊ असते आणि उघड्या हवेत ते सुकते. म्हणून ती जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची नळी बांधत जाते. भिंतीवरची अशी नळी मध्येच थोडी मोडून दोन दिवसांनी पाहावी. ती पुन्हा बांधलेली असेल तर वाळवी आत कामात आहे. लाकडावर टकटक केल्यास पोकळ आवाज येतो. सागाचा गाभा तिला बराच दाद देत नाही, पण सागाचे बाहेरचे पांढरे लाकूड, प्लायवूड, पुठ्ठे आणि पुस्तके ती फस्त करते.

लाकूड आणि ओली माती यांचा संपर्क तोडणे हाच मुख्य उपाय. भिंतीतली ओल आणि गळती आधी दुरुस्त करावी, लाकडी कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर रचू नयेत. घर बांधतानाच पाया आणि जोत्याच्या मातीला वाळवीरोधक औषध देणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. त्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकात दिली आहे. बांधलेल्या घरात जमीन आणि भिंतीच्या सांध्यालगत ठराविक अंतरावर छिद्रे पाडून औषध सोडतात. हे काम जाणकारांकडूनच करून घ्यावे. दिसलेल्या नळीवर रॉकेल ओतल्याने वाळवी मरत नाही, वाट बदलते.

ढेकूण

ढेकूण स्वच्छ आणि अस्वच्छ घरात फरक करत नाही. त्याचे अन्न फक्त रक्त आहे, त्यामुळे कचरा आवरून तो जात नाही. तो उडत नाही. बॅग, गादी, सोफा आणि बसगाडीतली आसने यांतूनच फिरतो. म्हणून त्याच्या बाबतीत प्रवेशाची वाट हीच नस. प्रवासाहून आल्यावर बॅग पलंगावर न ठेवता कपडे थेट धुवायला टाकावेत. ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुतलेल्या कपड्यांतले ढेकूण आणि अंडी मरतात.

गादीच्या शिवणीवर, पलंगाच्या सांध्यांत आणि पलंगामागच्या भिंतीतल्या भेगांत काळे ठिपके दिसले की ढेकूण आहेत असे समजावे. उपाशी राहून ते महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे खोली काही दिवस बंद ठेवून प्रश्न सुटत नाही. पातळ चादरी व उशा उन्हाने तापतात, पण जाड गादीच्या आतपर्यंत पुरेशी उष्णता पोचत नाही. वाफेचे यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर आणि सांधे बुजवणे यांचा एकत्र वापर करावा. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून एका फवारणीने काम संपत नाही. दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते.

डास

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर आणि उघडी टाकी त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा आरोग्य खात्याचा आग्रह याच हिशेबावर उभा आहे: चक्र पूर्ण होण्याआधी पाणी फेकून द्यायचे. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून भांडे नुसते रिकामे न करता घासावे लागते. क्युलेक्स डास गटारात आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली की त्याची वाट बंद होते. रिकामे न करता येणाऱ्या हौदांत गप्पी मासे सोडतात.

खिडक्यांना बारीक जाळी आणि झोपताना मच्छरदाणी यांना तोड नाही. बंद खोलीत जाळलेल्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचे एका अभ्यासात मोजले गेले आहे. लहान बाळाच्या खोलीत कॉइल टाळलीच पाहिजे.

पाल आणि कोळी यांची गणना उपद्रवी जिवांत करण्याची गरज नाही. भारतीय घरांत दिसणारी पाल विषारी नसते आणि ती दिव्याकडे येणारे किडे खाते. बाहेरचा दिवा कमी केला की किडे कमी होतात आणि त्यांच्यामागे येणारी पालही.

औषध वापरताना

भारतात कीटकनाशकांची नोंदणी व विक्री १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. प्रत्येक अधिकृत डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. शेतीसाठी आणलेले औषध उरले म्हणून घरात फवारणे अतिशय धोक्याचे आहे. रंगीत बाटलीत किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवू नये. मुलांच्या विषबाधेचे ते एक मोठे कारण आहे. मुंग्यांसाठी वापरला जाणारा खडूही विषारी असतो आणि तो मुलांना पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थलिन जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फोडू शकते, त्यामुळे बाळाच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत. विष पोटात गेल्यास घरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता रुग्णाला औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालयात न्यावे. डब्यावरच्या नावावरून डॉक्टर उपचार ठरवतात.

व्यावसायिक पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावताना त्यांचा परवाना, औषधाचे नाव आणि घर किती वेळ बंद ठेवायचे हे विचारून घ्यावे. जो आधी कीड ओळखतो, फटी दाखवतो आणि मग औषध ठरवतो तोच जाणकार. वाळवी, घूस आणि मोठ्या प्रमाणावर पसरलेले ढेकूण यांसाठी त्याची मदत घ्यावीच. इमारतीत एकाच घराने फवारणी केल्यास झुरळे डक्टमधून शेजारी जातात आणि काही दिवसांनी परततात, म्हणून चेंबर, डक्ट आणि कचऱ्याची जागा यांची सफाई सोसायटीने मिळून करणे हिताचे.

वर्षाचे वेळापत्रक सोपे आहे. उन्हाळ्यात धान्य आणि अंथरुणे वाळवावीत व भिंतीच्या भेगा भराव्यात. जूनपूर्वी गच्ची, गटारे आणि टाक्यांची झाकणे पाहावीत. पावसाळ्यात दर आठवड्याला साचलेले पाणी शोधावे आणि वाळवीच्या नळ्या तपासाव्यात. दिवाळीआधी माळे आणि कपाटे रिकामी करावीत. रोज रात्री ओटा कोरडा करावा, खरकटे झाकावे आणि कचरा बंद डब्यात ठेवावा. इतकी कामे नेमाने होणाऱ्या घरात औषधाच्या डब्याला हात लावण्याची वेळ क्वचितच येते.